मोबाइल होम पार्क बंद होताना रहिवाशांची रास्त भरपाई कशी ठरवावी?

कॅलिफोर्नियातल्या मोबाइल होम पार्कची, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेल्या घरांच्या वसाहतीची, जमीन पार्कच्या मालकाची असते, तिथे इमारती उभारण्याचा हक्कही त्याचाच. मग रीतसर नोटीस दिल्यावर रहिवाशांना भरपाई कशाबद्दल आणि किती द्यायची, असे आपण विचारले आहे.

या प्रश्नात एक गोष्ट निसटली आहे. हे रहिवासी निव्वळ भाडेकरू नसतात. घर त्यांच्या मालकीचे असते आणि भाडे ते फक्त खालच्या जागेचे भरतात. नावात ‘मोबाइल’ असले तरी जुने घर हलवणे बहुधा शक्य नसते: सांगाडा खिळखिळा झालेला असतो, बाजूला पडवी आणि वाढीव खोली काढलेली असते, आणि १५ जून १९७६ रोजी केंद्रीय बांधणी मानके लागू होण्यापूर्वीचे घर असेल तर दुसरे पार्क ते सहसा आत घेत नाही. त्यामुळे केवळ वाहतूक-खर्चाला भरपाई म्हणणे ही माझ्या मते शुद्ध धूळफेक आहे. फ्लोरिडात तर घर तिथेच सोडून जाणाऱ्या कुटुंबाला एकेरी (एकाच भागाच्या) घरामागे कित्येक वर्षे १,३७५ डॉलर देऊन वाटेला लावले जात असे. पुढे ही रक्कम वाढवली गेली, पण मूळ विचार तोच राहिला.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात २०२१ पासून महत्त्वाची सुधारणा लागू आहे. रहिवाशाला दुसऱ्या पार्कमध्ये योग्य घर मिळू शकत नसेल, तर पार्क बंद करणाऱ्याने त्याच्या घराचा आहे त्या जागेवरचा बाजारभाव द्यायचा, आणि तो राज्याच्या परवानाधारक मूल्यांकनकाराने ठरवायचा. सुट्या पत्र्याच्या खोक्याला फारसा भाव नसतो. किंमत असते ती नोकरी, शाळा, दवाखाना हाताशी असलेल्या पत्त्याला.

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो शहराच्या ब्युएना व्हिस्टा पार्कमध्ये नेमका हाच वाद झाला. सुमारे ४०० रहिवासी, बहुतांश अल्प उत्पन्नाची लॅटिनो कुटुंबे. मालकाने २०१२ मध्ये पार्क बंद करण्याचा अर्ज केला आणि २०१५ मध्ये नगर परिषदेने परवानगीही दिली. देऊ केलेल्या भरपाईत घराच्या किमतीबरोबर जुन्या आणि नव्या भाड्यातली १२ महिन्यांची तफावत होती. तेरावा महिना उजाडल्यावर त्या शहरातले भाडे मोलमजुरी करणाऱ्याने कुठून भरायचे होते, याचे उत्तर त्यात नव्हते. अखेर २०१७ मध्ये सांता क्लारा काउंटीच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने ते पार्क सुमारे ४ कोटी डॉलरना विकत घेतले, त्यात शहर आणि काउंटी यांनी प्रत्येकी १ कोटी ४५ लाख घातले, आणि विस्थापन टळले. एवढा सरकारी पैसा सगळीकडे उभा राहत नाही, हेही खरे.

आपल्या ओळखीतले कोणी अशा पार्कमध्ये राहत असेल, तर प्रथम घराची नोंदणी राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे त्यांच्याच नावावर आहे का, हे तपासायला सांगा. रोखीने घेतलेली कित्येक घरे जुन्या मालकाच्याच नावावर पडून असतात आणि भरपाईच्या वेळी तिथेच घोडे अडते. जागेचे भाडे थकवू नये. पुनर्वसनाचा परिणाम-अहवाल, म्हणजे पार्क बंद झाल्याने रहिवाशांवर काय परिणाम होईल हे मांडणारा अहवाल, हाती येण्याआधी मालकाचा माणूस थोडी रक्कम घेऊन दाराशी आला, तर पार्क बंद करण्यावरची सुनावणी होईपर्यंत आणि वकिलाला दाखवल्याशिवाय कुठेही सही करू नये.