फ्लोरिडातल्या टॅम्पाजवळ खाऱ्या पाण्यात फ्लाय फिशिंग शिकायचं आहे. बोट नाही. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की मूळचे रेवदंड्याचे, खाडीत गळ टाकायची लहानपणापासून सवय, आता नोकरीसाठी टॅम्पाला आलात आणि दुकानातली रॉडची, म्हणजे गळाच्या काठ्यांची, रांग बघून गोंधळलात. मी खाडीच्या पलीकडे सेंट पीटर्सबर्गला राहतो आणि बोटीशिवाय, पाण्यात उभा राहूनच ही मासेमारी करतो. माझा पहिला सल्ला असा की पाण्यावर जायच्या आधी काही आठवडे मैदानावर जा.

गळाला शिसं बांधून फेकलं की ते वजन दोरी ओढत नेतं. फ्लाय म्हणजे गळाच्या आकड्यावर गुंडाळलेले केस आणि पिसं, तिला फेकण्याजोगं वजनच नसतं. इथे वजन दोरीत असतं आणि तिच्यामागून फ्लाय जाते. 8 नंबरच्या दोरीचे पहिले 30 फूट साधारण साडेतेरा ग्रॅम भरतात, आणि रॉडवरचा 8 हा नंबर त्याच दोरीचा असतो. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर रॉडवर वाचवा, दोरीवर नको. दोरी उष्ण पाण्यासाठी बनवलेली, तरंगणारी, पुढच्या भागात वजन असलेली घ्या. थंड नद्यांसाठीची दोरी इथल्या उन्हात मऊ पडते आणि रॉडच्या कड्यांना चिकटते.

मैदानावर फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधा. मागे गेलेली दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे आणायचं. सगळी घाई इथेच होते, म्हणून मान वळवून मागची दोरी बघायची सवय लावा. 40 फूट नीट जायला लागलं की पुष्कळ झालं. त्यानंतर डाव्या हाताने दोरीला झटका देत वेग वाढवायचा डबल हॉल शिका, कारण समुद्रावर वारा असतोच. वारा उजव्या खांद्यावर येत असेल तर आकडा थेट कानाकडे येतो. अशा वेळी लक्ष्याकडे पाठ करा आणि मागच्या फेकीवरच दोरी सोडा. आकड्याच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून टाका आणि चष्म्याशिवाय फेकू नका. चष्मा पोलराइज्ड, तांबूस काचेचा असला तर पाण्याखालचे मासेही दिसतात.

आता तुमच्या जुन्या सवयीबद्दल. मासा लागला की काठी वर झटकायची, हे हाताला इतकं बसलेलं असतं की मोडायला वेळ लागतो. इथे ते करू नका. रॉडचं टोक पाण्यालगत, दोरीच्या रेषेत ठेवायचं आणि डाव्या हाताने दोरी लांब ओढायची, जड लागेपर्यंत. रॉड वर उचलली तर तिची लवचीक बाजूच वाकते, आकडा टणक जबड्यात रुतत नाही आणि फ्लाय माशाच्या तोंडासमोरून निघून जाते. हाताने ओढली तर हुकली तरी हातभरच सरकते, मासा पुन्हा येतो. एकदा रुतला आणि मासा पळाला की नजर पायाशी पडलेल्या दोरीवर हवी. ती बोटांच्या कड्यातून मोकळी जाऊ द्या.

बाकी साहित्यावर फार डोकं खपवू नका. 9 फुटी 8 नंबरची रॉड आणि गंजाला टिकणारी, चांगल्या ड्रॅगची (पळत्या माशाला अडवणाऱ्या ब्रेकची) रील, म्हणजे दोरी गुंडाळायची चकरी, बहुतेक दुकानांत संच म्हणून मिळते. बॅकिंग, म्हणजे मुख्य दोरीमागची बारीक राखीव दोरी, 200 यार्ड. लीडर, म्हणजे दोरी आणि फ्लाय यांच्यामधला पारदर्शक धागा, 9 फुटी, त्याच्या शेवटी दीड-दोन फूट फ्लुरोकार्बनचा चिवट धागा, 30 पौंडांचा ताण सोसणारा. फ्लाय म्हणून पोपटी-पांढरा क्लाउझर मिनो दोन-तीन आकारांत घ्या. पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझरने तो नदीतल्या बास माशासाठी बांधला होता. धातूच्या जड डोळ्यांमुळे त्याचा आकडा उलटा, टोक वर करून चालतो, म्हणून समुद्री गवतात कमी अडकतो. इथे सगळीकडे गवतच आहे.

जागा म्हणाल तर सेंट पीटर्सबर्गजवळचं फोर्ट डी सोटो पार्क. गवतातले वाळूचे मोकळे खड्डे, तिवरांच्या कडा, कालवांचे बांध. पाणी वाहतं हवं, मग ते भरतीचं असो की ओहोटीचं. इथली भरती आपल्याकडच्यापेक्षा बरीच लहान, दोन-तीन फुटांची, तरी उधाण आणि भांग यांचा हिशेब तुम्हाला कळतो, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. हिवाळ्यात थंडीची लाट येऊन वायव्येचा वारा सुटला की तो खाडीतलं पाणी बाहेर लोटतो, त्या दिवशी भरती-ओहोटीच्या तक्त्यावर विसंबू नका.

स्नूक तर तुम्हाला ओळखीचाच वाटेल. तो आपल्या जिताड्याचा नातलग, पूर्वी दोघांना एकाच कुळात धरत. राहणीही तशीच: मुळांशी, पुलाच्या सावलीत, प्रवाहाच्या तोंडाशी दबा धरून बसणं. कल्ल्याची कड धारदार असते, 30 पौंडी तुकडा त्यासाठीच. पण पहिले काही आठवडे लेडीफिशच्या मागे लागा. काटेरी म्हणून लोक तिला नावं ठेवतात, मला ते पटत नाही. ती थव्याने येते, फ्लायवर तुटून पडते, उड्या मारते आणि हाताने ओढायचं तंत्र तिच्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही.

पाण्यात पाय उचलून चालू नका, घासत चला, म्हणजे वाळूत दडलेली पाकट बाजूला होते. काटा लागलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि दवाखाना गाठा. उन्हाळ्यात दुपारी ढग जमतात, आणि ग्राफाइटच्या रॉडमधून वीज सहज वाहते. पहिला गडगडाट ऐकला की बाहेर या, मासे कितीही लागत असले तरी. मासा सोडताना हात ओले करा, आडवा धरा, जबड्याने टांगू नका.

परवान्याचं एवढं लक्षात ठेवा. फ्लोरिडाच्या रहिवाशांना किनाऱ्यावरून किंवा पाण्यात उतरून मासेमारीचा परवाना फुकट आहे, पण कायाकने, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीने, जाऊन तिथे उतरलात तर तो चालत नाही, मग 17 डॉलरचा वार्षिक लागतो. टॅम्पाच्या पाण्यात स्नूक डिसेंबर ते फेब्रुवारी आणि मे ते ऑगस्ट ठेवता येत नाही, धरून सोडता येतो. नियम बदलतात, म्हणून निघण्याआधी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.