औषधाची सवय नेमकी कोणाला होते?

प्रश्न : माझा भाचा लालबागला आमच्याच चाळीत राहतो, वय 22. दोन महिने खोकला आणि संध्याकाळचा ताप होता, म्हणून त्याच्या थुंकीची सीबीनॅट तपासणी केली. क्षयाचे जंतू आढळले आणि त्याखाली 'रिफाम्पिसिन रेझिस्टन्स डिटेक्टेड' असेही लिहून आले. त्याने आजवर टीबीची एकही गोळी घेतलेली नाही, मग त्याच्या शरीराला या औषधाची सवय झाली कशी? डॉक्टर म्हणाले, जंतूच्या एका एन्झाइममध्ये म्युटेशन झाले आहे. एवढ्याशा बदलाने इतके नावाजलेले औषध निकामी होते, हे मनाला पटत नाही. (एक वाचक, लालबाग)

उत्तर : भाच्याच्या शरीराला कसलीही सवय झालेली नाही, हे आधी घरात सर्वांना सांगा, कारण 'सवय' या शब्दामुळे रुग्णाकडे उगाचच दोष जातो. प्रतिरोध, म्हणजे औषधाला दाद न देण्याची ताकद, असतो तो जंतूच्या अंगी. असा जंतू दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसात आधीच तयार झालेला असतो आणि खोकल्याबरोबर हवेत येऊन श्वासावाटे तसाच्या तसा पुढच्या माणसात जातो. ज्याने टीबीची औषधे कधीच घेतली नाहीत, त्याच्या बाबतीत बहुधा हेच घडलेले असते. चाळीतल्या एका खोलीत पाच-सहा माणसे झोपतात, गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या जवळजवळ उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही. अशा ठिकाणी जंतूला फार लांब जावे लागत नाही.

आता म्युटेशनकडे येऊ. क्षयाच्या जंतूची जनुकीय माहिती सुमारे 44 लाख अक्षरांची असते आणि जंतू दुभंगताना दर वेळी तिची नक्कल होते. नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, काहींनी जंतूच मरतो. पण चूक नेमक्या जागी पडली, तर चित्र पालटते. रिफाम्पिसिन हे औषध आरएनए पॉलिमरेज या एन्झाइमच्या, म्हणजे पेशीतले काम घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या, एका खोबणीत जाऊन बसते. जनुकांची आज्ञा आरएनएच्या रूपात लिहून काढणे हे या एन्झाइमचे काम. औषध अगदी त्या आरएनएच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर बसत असल्यामुळे दोन-तीन अक्षरे लिहून होताच काम अडते आणि जंतू मरतो. या खोबणीच्या भिंतीत 450 व्या जागी सेरीन नावाचे छोटे अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतला एक मणी) असते. जनुकातील एक अक्षर बदलले, 'टीसीजी'चे 'टीटीजी' झाले, की तिथे ल्युसीन हे आकाराने मोठे अमिनो आम्ल येते, औषधाला नीट बसता येत नाही, आणि एन्झाइमचे स्वतःचे काम मात्र चालू राहते. 44 लाखांतले एकच अक्षर! तुम्हाला हे पटायला जड गेले यात नवल नाही. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी सुमारे 95 टक्क्यांमध्ये बदल आरपीओबी या जनुकाच्या अवघ्या 81 अक्षरांच्या पट्ट्यात सापडतो. सीबीनॅट यंत्र हाच पट्टा वाचते, म्हणून दोन तासांत उत्तर देऊ शकते.

हा बदल औषध घडवून आणत नाही. अमेरिकेत 1952 साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी मखमलीच्या कापडाने एका बशीतील जंतूंच्या वसाहतींचे ठसे दुसऱ्या बशीत उमटवले आणि औषध कधीही न पाहिलेल्या जंतूंमध्येही त्याला दाद न देणारे जंतू आधीपासून असतात, हे दाखवून दिले. औषध बाकीच्यांना मारते आणि अशा मोजक्यांना मोकळे रान मिळते. क्षयाच्या जंतूंमध्ये रिफाम्पिसिनला न जुमानणारा साधारण दहा कोटींत एक आणि आयसोनियाझिड या टीबीच्या दुसऱ्या औषधाला न जुमानणारा दहा लाखांत एक असतो. फुप्फुसातील एकाच पोकळीत दहा कोटींहून अधिक जंतू असू शकतात. म्हणजे एकच औषध दिले, तर त्याला पुरून उरणारा जंतू तिथे हजर असण्याची शक्यता मोठी. दोन्ही औषधांना एकाच वेळी न जुमानणारा जंतू मात्र कोटी कोटींत एखादा. टीबीच्या उपचारात तीन-चार औषधे एकत्र का देतात आणि त्यांतले एखादे परस्पर बंद करणे इतके घातक का, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

आयसोनियाझिडची कथा उलटी आहे आणि मला ती फार विलक्षण वाटते. हे औषध मुळात निष्क्रिय असते. जंतूचे केएटीजी हे स्वतःचेच एन्झाइम त्याला मारक रूप देते, जणू आपल्याच हाताने विष कालवते. या एन्झाइममध्ये 315 व्या जागी सेरीनऐवजी थ्रिओनीन आले, की औषध सक्रिय होणे बहुतांशी थांबते, पण पेशीचे रक्षण करण्याचे एन्झाइमचे नेहमीचे काम बऱ्याच अंशी चालू राहते. म्हणजे प्रतिरोध मिळतो आणि त्यासाठी फारशी किंमतही मोजावी लागत नाही; म्हणूनच हा बदल जगभर सर्वाधिक आढळतो. रिफाम्पिसिनच्या बदलाने जंतू थोडा मंदावतो खरा, पण कालांतराने त्याच एन्झाइमच्या दुसऱ्या भागात, आरपीओसी जनुकात, आणखी एक बदल होऊन ती उणीवही भरून निघू शकते. औषध थांबवले की जंतू आपोआप पूर्ववत होतील, या भरवशावर त्यामुळे राहता येत नाही.

भाच्याच्या उपचारांबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. सरकारी कार्यक्रमात आता अशा प्रौढ रुग्णांसाठी बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लोक्सासिन यांचा सुमारे सहा महिन्यांचा मोफत उपचार आला आहे. यातील मॉक्सिफ्लोक्सासिन जंतूच्या गायरेज या एन्झाइमवर काम करते, आणि त्या एन्झाइममध्ये 90 किंवा 94 व्या जागी बदल झाला की तेही लटके पडते. खोकल्यासाठी केमिस्टकडून चिठ्ठीविना घेतलेली लिव्होफ्लोक्सासिनची गोळी याच कुळातली. टीबीचे निदान होण्याआधी ती एकटीच आठवडाभर पोटात गेली, तर नेमके तेच बदललेले जंतू मागे उरतात. भाच्याने गेल्या दोन महिन्यांत अशा गोळ्या घेतल्या असतील, तर डॉक्टरांना न लाजता सांगा आणि जनुकांतील असे बदल शोधणाऱ्या 'लाइन प्रोब' तपासणीच्या अहवालात या औषधापुढे काय लिहिले आहे, ते विचारून घ्या.

प्रश्न : आईच्या लघवीच्या कल्चर रिपोर्टमध्ये ई. कोलाय आणि त्यापुढे 'ईएसबीएल' असे आले. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, सेफोटॅक्सिम यांपुढे 'आर' (औषध लागू पडत नाही) लिहिले आहे. हाही म्युटेशनचाच प्रकार का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : होय, पण इथे एन्झाइम हे औषधाचे लक्ष्य नसून जंतूचे शस्त्र आहे. पेनिसिलिन आणि त्याच्या गोतावळ्यातील औषधांमध्ये चार अणूंचे एक वलय असते, ते बीटा-लॅक्टमेज एन्झाइम तोडते. ईएसबीएल म्हणजे याच एन्झाइमचे, सेफोटॅक्सिमसारखी औषधेही तोडणारे रूप. असे एन्झाइम अब्राहम आणि चेन यांनी 1940 सालीच नोंदवले होते, तेव्हा पेनिसिलिन अजून रुग्णांच्या हाती पडलेही नव्हते. पुढे 1960 च्या दशकात अथेन्समधील एका रुग्णाच्या जंतूत टेम-1 हे एन्झाइम सापडले. त्याला सेफोटॅक्सिम जवळपास तोडता येत नसे, कारण त्या औषधाची भारी बाजूची साखळी एन्झाइमच्या खोबणीत मावत नव्हती. 238 व्या जागी ग्लायसीनऐवजी सेरीन आले आणि खोबण सैल झाली. त्यापायी एन्झाइम डळमळीत होते. 182 व्या जागचा आणखी एक बदल, जो एकटा जवळजवळ निरुपयोगी आहे, त्याला पुन्हा स्थैर्य देतो. अशा पाच बदलांनी सेफोटॅक्सिमला असलेला प्रतिरोध सुमारे एक लाख पटींनी वाढतो. ते एकामागून एक घडण्याचे 120 क्रम संभवतात. 2006 च्या एका अभ्यासात त्यांतले 102 निवडीच्या कसोटीवर (प्रत्येक पायरीवर प्रतिरोध वाढलाच पाहिजे) बंद असल्याचे आढळले, म्हणजे उत्क्रांतीला मोकळ्या वाटा उरल्या 18.

आपल्याकडे टेमपेक्षा सीटीएक्स-एम-15 हे एन्झाइम अधिक आढळते. दिल्लीतील नमुन्यांतून ते प्रथम ओळखले गेले आणि 2001 साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. आधीच्या सीटीएक्स-एम-3 पेक्षा त्यात एकाच अमिनो आम्लाचा फरक आहे. क्षयाच्या जंतूत बदल त्याच्या स्वतःच्या जनुकांत होतो आणि त्याच्या संततीतच राहतो. या एन्झाइमचे जनुक मात्र प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर असते, आणि ते कडे एका जंतूकडून दुसऱ्याकडे सरळ जाऊ शकतो.

नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन या औषधांत ते वलयच नसते, त्यामुळे हे एन्झाइम त्यांचे काही बिघडवू शकत नाही. आईच्या रिपोर्टवर त्यांपुढे 'एस' (औषध लागू पडते) असेल आणि त्रास केवळ मूत्राशयापुरता असेल, तर तोंडाने घेण्याच्या औषधावरही भागू शकते. मात्र थंडी वाजून ताप येत असेल किंवा कमरेवर बाजूला दुखत असेल, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचल्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण तिथे ही दोन औषधे सहसा पुरी पडत नाहीत आणि मेरोपेनेमसारखे इंजेक्शन द्यावे लागू शकते.