उपसागरात कमी दाब, अन् पाणी आमच्या वावरात कसं?

प्रश्न : भाऊ, टीव्हीवाले सांगतात बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार झाला, अन् दोन-तीन दिवसांनी इकडं पराटीत पाणी साचते. समुद्र एवढा लांब, मग हे कनेक्शन काय आहे? (एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : कनेक्शन हवेचंच. दाब म्हणजे आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन, समुद्रसपाटीला सरासरी १०१३ हेक्टोपास्कल, आणि पावसाळ्यात उपसागरात तो आजूबाजूपेक्षा चार-पाचनं जरी उतरला तरी चारी बाजूची हवा तिकडं धावते. सरळ नाही बरं का, पृथ्वी फिरते म्हणून आपल्या उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या उलट गरगरत आत शिरते, मधे गोळा झाली की जायला जागा फक्त वर, तिथं दाब कमी म्हणून ती फुगते, फुगली की गार होते अन् तिच्यातल्या वाफेचे ढग होतात. सायकलच्या ट्यूबमधून सुटलेली हवा गार लागते ना, तसंच.

हा अख्खा भोवरा मग ओडिशा, छत्तीसगड करत वायव्येकडं सरकतो. जोराचा पाऊस बहुतेक वेळा त्याच्या मध्यात नाही, नैऋत्य बाजूला पडतो, म्हणून सिस्टीम छत्तीसगड नाहीतर मध्य प्रदेशावर असते अन् भिजतो आपण! टीव्हीवरचा लाल गोळा नेमका कुठं आहे ते बघूनच फवारणीचं ठरवा.

उलटंही होते. पावसाळ्यात राजस्थानपासून उपसागरापर्यंत मान्सूनचा कमी दाबाचा एक लांबच लांब पट्टा पसरलेला असते, तो हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की तिकडं धो-धो, आणि इकडं ऐन ऑगस्टात सोयाबीन माना टाकते. उपसागरात नवीन कमी दाब झाला की पट्टा बहुतेक परत खाली येतो.