लहान विमानाला पक्षी धडकल्यास काय होते?

सेसना 172 सारख्या एका इंजिनाच्या विमानाला पक्षी धडकला तर ते कोसळते का आणि अशा वेळी वैमानिकाने काय करावे, असे आपण विचारले आहे. मी विद्यार्थी वैमानिकांना शिकवतो, त्या अनुभवावरून सांगतो.

बहुतेक धडकांनंतर विमान सुखरूप उतरते. जेट विमानात पक्षी इंजिनात शिरण्याची भीती मोठी असते. जानेवारी 2009 मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन्ही इंजिने अशीच निकामी झाल्याने प्रवासी विमान हडसन नदीत उतरवावे लागले होते. आमच्या लहान विमानांत खरी दुबळी जागा म्हणजे वैमानिकाच्या तोंडासमोरची काच. मोठ्या प्रवासी विमानाची काच सुमारे 1.8 किलोच्या पक्ष्याचा आघात सोसते, हे सिद्ध करावे लागते. लहान विमानांच्या साध्या ॲक्रिलिकच्या काचेला सहसा अशी कसोटीच नसते. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे पक्ष्यांचा थवा असलेल्या भागातून जाताना वेग ताशी 200 किलोमीटरवरून 140 वर आणला, तर तोच आघात जवळपास निम्मा होतो.

एकदा जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, धावपट्टीलगतच्या शेतात मशागत चालू होती आणि ट्रॅक्टरमागे उघड्या पडलेल्या किड्यांसाठी बगळे व घारी जमल्या होत्या. उतरताना, जमिनीपासून तीनेकशे फुटांवर, एक घार समोर आली आणि पंखाच्या पुढच्या कडेवर आदळली. त्या धक्क्यापेक्षा मला अधिक भीती वाटली ती पुढच्या क्षणाची, कारण विद्यार्थ्याने दचकून योक (विमानाचे नाक वर-खाली करणारे सुकाणू) मागे ओढला आणि वेग झपाट्याने घटू लागला. मी नाक खाली दाबले आणि आम्ही नीट उतरलो. पंखाच्या कडेला हाताचा पंजा मावेल एवढा खळगा पडला होता.

धोका जाणवताच बहुतेक पक्षी खाली सूर मारतात, म्हणून विमान थोडे वर घेण्याचा सल्ला दिला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र उड्डाणानंतर लगेच किंवा उतरताना, जेव्हा वेग आधीच कमी असतो, तेव्हा योक ओढल्यास विमान स्टॉल होऊ शकते, म्हणजे पंखांची उचल तुटून ते खाली पडू लागते, आणि तेवढ्या उंचीवर ते सावरायला जागा उरत नाही. अशा वेळी पक्षी धडकला तरी चालेल, पण वेग सोडू नये, असे माझे ठाम मत आहे. काच फुटलीच तर चेहरा खाली घ्यावा, सुरक्षित मर्यादेत वेग कमी करावा आणि आधी विमान स्थिर ठेवावे. रेडिओवरचे बोलणे नंतर.

कडा चेपलेला पंख नेहमीपेक्षा अधिक वेगावरही स्टॉल होऊ शकतो, म्हणून उतरताना वेग थोडा जास्त ठेवावा. उतरल्यावर नुसते रक्त पुसून पुन्हा उडू नये. त्या दिवशी आमच्या अभियंत्याला इंजिनाकडे हवा नेणाऱ्या तोंडातही पिसे सापडली होती, आणि ती बाहेरून दिसत नव्हती.