आधी बूड बघा

प्रश्न : आम्हा चौघा मित्रांना एक जुनाच नाद आहे. शहरात ज्या बेकरीचं नाव कानावर येईल, तिथलं पॅटिस खायचं आणि वहीत गुण मांडायचे. वह्या भरत आल्या, पण सगळ्यात भारी कोणतं यावर अजून एकमत नाही. त्यातून एकाच बेकरीला कधी नऊ गुण पडलेत, तर कधी चार. खोट आमच्या जिभेत आहे की बेकरीत?

उत्तर : खोट वहीत आहे. तिच्यात एक रकाना राहिलाय : पॅटिस भट्टीतून कधी निघालं? आजवर तुम्ही बेकरीला कमी आणि घड्याळालाच जास्त गुण दिलेत.

माझं अर्धं आयुष्य भट्टीसमोर गेलंय, म्हणून जरा आतलं सांगतो. मैद्याच्या पोळीत लोण्याची लादी गुंडाळायची, लाटायचं, तीनपदरी घडी घालायची, गार जागी विसावा द्यायचा आणि पुन्हा लाटायचं. असं सहा वेळा केलं की लोण्याचे हिशेबाने 729 थर होतात. भट्टीत गेल्यावर पिठातल्या आणि लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती एकेक पदर उचलते. बेकिंग पावडर नाही, यीस्ट नाही, सगळी करामत वाफेची. पण बाहेर आल्यावर हेच पाणी उलटतं. सारणातला ओलावा हळूहळू कवचात शिरतो आणि सकाळी कुरकुरीत असलेला पदर संध्याकाळी चामट होतो. तुमचे नऊ आणि चार बहुधा इथलेच. तेव्हा दुकानात आधी विचारा, ‘ट्रे कधी निघाला?’ आणि भट्टीतून निघाल्या निघाल्या तोंडात टाकू नका. आतले पदर अजून वाफेने ओले असतात. दहा-पंधरा मिनिटं दम धरा.

आता गुण कसे द्यायचे? पॅटिस उलटं करा. बूड पांढरट, ओलसर दिसलं, तर वरचा सोनेरी रंग कितीही देखणा असो, माझ्याकडून ते बाद. वरचा रंग अंड्याचा हात फिरवून आणता येतो, खालचा येत नाही. मग कडेने बघा. पदर मोकळे, पुस्तकाच्या पानांसारखे सुटे दिसले पाहिजेत. ते एका बाजूला चिकटून दुसऱ्या बाजूला उंच झाले असतील, तर कापताना सुरी बोथट होती किंवा अंडं कडेवर ओघळलं होतं. अंड्याने पदर शिवल्यासारखे होतात आणि वाफेला तिथून उचलताच येत नाहीत. उतावीळ कारागीर सारण गरम असतानाच भरतो. मग पिठातलं लोणी भट्टीत जायच्या आधीच वितळतं. असं पॅटिस ब्रेडसारखं लागतं.

तिसरी खूण टाळूवर. लोणी साधारण 32 ते 35 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे तोंडात ते विरघळून जातं. पॅटिसच्या पदरांसाठीचं मार्जरीन, म्हणजे लोण्याऐवजी वापरायचं तेलाचं नकली लोणी, मुद्दाम त्याहून जास्त तापमानाला वितळणारं बनवतात, कारण उकाड्यात लाटायला ते सोपं. खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर राहतो, तो त्याचाच. मी यासाठी गुण कापत नाही. नीट भाजलेलं मार्जरीनचं पॅटिस मला कच्च्या बुडाच्या लोण्याच्या पॅटिसपेक्षा कधीही चालेल. लोण्याचं म्हणून विकत असतील, तर मात्र कापा.

सारण सगळ्यात शेवटी. झणझणीत मसाल्याखाली वाईट कवच झाकून जातं आणि तुमच्यापैकी निदान दोघं तिथेच फसत असणार! कवच आणि सारण यांचे गुण वेगळे ठेवा, म्हणजे अर्धी भांडणं आपोआप मिटतील. सरासरी काढायच्या तर भानगडीतच पडू नका.

आणि आठवणीतल्या चवीशी तुलना नको. एकाच दिवशी, एकाच सुमाराला निघालेली तीन बेकऱ्यांची पॅटिसं आणा. ज्याला खायचं नाही, त्याने कापून आकडे टाकलेल्या ताटल्यांत मांडावीत, नावं पाठीमागे ठेवावीत. तीनच बरं का. पुढे तोंडात तूपकट थर साचतो आणि जीभ न्याय करत नाही. मध्ये कोमट पाणी प्या, गार पाण्याने थर आणखी बसतो. पहिल्या ताटलीला भुकेचे गुण मिळतात, म्हणून प्रत्येकाने वेगळ्या ताटलीपासून सुरुवात करा.

प्रश्न : उरलेलं पॅटिस मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं की लोळागोळा होतो. उपाय?

उत्तर : मायक्रोवेव्ह बंद ठेवा. तो सारणातलं पाणी तापवून थेट कवचात ढकलतो. ओव्हन आधी 180 अंशांना तापवून घ्या, पॅटिस न झाकता जाळीवर ठेवा आणि आतपर्यंत गरम होईस्तोवर भाजा. आठ-दहा मिनिटं पुरतात. ओव्हन नसेल तर जाड तवा, मंद आच, झाकण अजिबात नको, अधूनमधून उलटा. बटाट्याचं असो की खिम्याचं, रात्रभर बाहेर राहिलेलं मात्र तापवू नका, टाकून द्या.