पांढरं धोतर करडं का दिसतं?

छायाचित्रण : वाचकांचे प्रश्न

या वेळी नवशिक्यांचीच पत्रं जास्त आली, याचा मला फार आनंद आहे. एक विनंती मात्र करते. पत्रासोबत बिघडलेला फोटो जरूर पाठवा. चांगला आलेला फोटो बघून मला तुमची अडचण कळत नाही.

प्रश्न : ताई, मी फलटण तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या उभ्या रिंगणाचे फोटो काढले. कॅमेरा नवा आहे, सोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स आहे आणि सगळं ऑटोवर होतं. काही फोटोंत वारकऱ्यांचे पांढरे कपडे मळकट करडे आलेत. काहींत चेहरे पार काळे पडलेत. कॅमेऱ्यात दोष असेल का?

उत्तर : सर, कॅमेरा ठणठणीत आहे. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. ते एकदा नीट समजलं की पुढचं शिकणं फार सोपं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

समोर धोतर आहे की डांबरी रस्ता, हे कॅमेऱ्याला कळत नाही. आतलं मीटर फक्त समोरून येणारा उजेड मोजतं. चौकटीतला सगळा उजेड-अंधार एकत्र केला तर तो मध्यम करडा भरेल, या हिशेबाने ते बेतलेलं असतं. आजचे कॅमेरे चेहरे ओळखतात, चौकटीचे भाग पाडून मोजतात, तरी पाया तोच आहे. रविवारी वर्गातल्या मुलांना घेऊन करून बघा. खिडकीजवळ पांढरी चादर टांगा आणि पूर्ण चौकट तिने भरेल असा फोटो काढा. मग त्याच जागी काळी छत्री उघडून धरा आणि तसाच फोटो घ्या. दोन्ही फोटो जवळपास सारखेच करडे येतील. मुलं हे कधी विसरणार नाहीत.

आता रिंगणाकडे या. दोन्ही बाजूंना वारकऱ्यांच्या रांगा, सगळीकडे सदरे, धोतरं, टोप्या. मीटरला वाटलं उजेड फार झाला, म्हणून त्याने तो कमी केला आणि कपडे करडे पडले. दुसऱ्या फोटोंत तुम्ही खाली बसून कॅमेरा वर धरलाय, त्यामुळे अर्ध्याहून जास्त चौकट आषाढातल्या ढगाळ आभाळाने भरली आहे. ढगाळ आभाळ डोळ्यांना मंद वाटतं, पण जमिनीवरच्या बहुतेक गोष्टींपेक्षा ते कितीतरी उजळ असतं. मीटरने आभाळ सांभाळलं आणि टोपीच्या सावलीतले चेहरे बुडाले.

उपाय कॅमेऱ्यावरच आहे. अधिक-उणे छापलेलं एक बटण असेल, ते शोधा. ऑटो सोडून ‘पी’ किंवा ‘ए’ मोडवर या, कॅननवर त्याला ‘एव्ही’ म्हणतात. चौकट पांढऱ्या कपड्यांनी भरली असेल तर +१ करा. उलट, काळी घोंगडी पांघरलेला माणूस अंधाऱ्या दारात बसला असेल तर -१. +२च्या नादी मात्र एकदम लागू नका. डिजिटलमध्ये पांढरा भाग एकदा जळला की धोतराच्या चुण्या कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाहीत. निगेटिव्ह फिल्मचं गणित उलटं होतं. माझे वडील साताऱ्यात स्टुडिओ चालवायचे, ते शंका आली की थोडा उजेड जास्तच द्यायचे, कारण निगेटिव्ह तो सहन करायची. जुन्या फोटोग्राफर मंडळींकडून असा सल्ला मिळाला तर तो फिल्मचा आहे हे लक्षात ठेवा. फोटो काढल्यावर हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, उघडा. आलेख उजव्या भिंतीला चिकटून उंच चढला असेल तर एक पायरी खाली या.

काळ्या चेहऱ्यांसाठी +१ करता येईल, पण आभाळ मग कोरं पांढरं पडेल. माझ्या मते अशा वेळी आकडे बदलण्याआधी आपण जागा बदलावी. एखाद्या बांधावर किंवा उभ्या असलेल्या ट्रॉलीत चढून खाली बघत फोटो घ्या. मागे आभाळाऐवजी पताका, गर्दी आणि माती येईल. चेहरेही मोकळे दिसतील. अश्व धावताना टिपायचा असेल तर शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, १/१००० सेकंद ठेवा, आणि काम झालं की ते अधिक-उणे शून्यावर आणा.

प्रश्न : मी अकरावीत आहे, लातूरला राहते. माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. आजीचा एक चांगला फोटो काढायचाय, पण जवळून काढला की तिचं नाक मोठं दिसतं आणि ट्यूबलाइटमध्ये चेहरा सपाट येतो. ती म्हणते, मी फोटोत बरी दिसतच नाही.

उत्तर : तुझी आजी फोटोत नक्की छान दिसेल. आधी मोबाईलची लेन्स सुती कापडाने पूस. तेलकट बोटांचा डाग सगळा फोटो धुरकट करतो.

नाक मोठं दिसतं ते अंतरामुळे. तू हातभरावर उभी असतेस, तेव्हा तिचं नाक कानांपेक्षा मोबाईलला बरंच जवळ असतं आणि जवळची गोष्ट मोठी दिसते. दोन मीटर मागे जा. आता नाक आणि कान यांच्या अंतरात फारसा फरक उरत नाही. मग २एक्स कर आणि चेहरा हवा तेवढा मोठा घे. चेहऱ्याची ठेवण अंतराने ठरते, हे एवढं पक्कं ध्यानात ठेव.

उजेडासाठी सकाळी दहाच्या सुमारास घरातली अशी खिडकी शोध जिच्यातून ऊन थेट आत येत नाही. आजीला खिडकीला कूस करून बसव, चेहरा थोडा उजेडाकडे वळू दे. ट्यूबलाइट बंद कर. दोन उजेडांचे रंग वेगळे असतात, त्यामुळे एक गाल निळसर आणि एक पिवळट येतो. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळी फोटो काढत. त्या पिढीकडे विजेचे दिवे नव्हतेच. त्यांचं सगळं काम सूर्याच्या उजेडावर चालायचं, आणि त्या काळातली माणसांची चित्रं आजही बघत राहावीशी वाटतात.

आजीला खिडकीपासून किती दूर बसवतेस यानेही खूप फरक पडतो. अगदी जवळ बसली तर एक बाजू लख्ख आणि दुसरी काळी. थोडं आत सरकव, दोन्ही बाजूंच्या उजेडातला फरक कमी होतो. दुसऱ्या बाजूला कुणाला तरी पांढरी चादर धरून उभं कर, ती उजेड परत फेकते. स्क्रीनवर तिच्या डोळ्यावर बोट दाबून ठेव म्हणजे फोकस पक्का होईल, आणि बोट वर-खाली सरकवून उजेड ठरव. डोळ्यात खिडकीचा छोटा चौकोन चमकताना दिसला की समज, तोंड योग्य दिशेला आहे.

आणि तिला ‘हस’ म्हणू नकोस. तिच्या माहेरच्या गावाबद्दल विचार. ती बोलत असताना नाही, बोलून थांबते तेव्हा फोटो घे.

प्रश्न : भावाच्या लग्नात कार्यालयात फोटो काढले. काहींवर आडवे काळे पट्टे आहेत, बरेचसे हललेले आहेत. स्टॅबिलायझर असलेली लेन्स असूनही असं का?

उत्तर : पट्टे दिव्यांचे आहेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेच एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण १/५०० च्या शटरला कळतं. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जातील. स्टेजमागच्या एलईडी पडद्याला हा हिशेब लागू पडेलच असं नाही. तो शक्यतो चौकटीबाहेर ठेवा.

हललेल्या फोटोंचं निदान फोटोतच असतं. मागचा खांब, तोरण, सगळंच धूसर असेल तर हात हलला. खांब स्पष्ट आणि फक्त नवरदेव धूसर असेल तर नवरदेव हलला. स्टॅबिलायझर तुमचा हात सांभाळतो, नवरदेवाला नाही. त्यासाठी शटरच वाढवावं लागतं, आणि शटर वाढवलं की उजेड कमी पडतो, मग आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील आहे तो आकडा, १६०० किंवा ३२०० करा. थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला चेहरा कुणीच दुरुस्त करू शकत नाही. हातात धरून ५५ मिलिमीटरला १/१०० च्या खाली सहसा जाऊ नका.

अक्षता हवेत थांबलेल्या हव्या असतील तर फ्लॅश लागेल. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश आयएसओ १००, एफ/४ ला (एफपुढचा आकडा लेन्सच्या छिद्राचा, आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) जेमतेम अडीच-तीन मीटर पोचतो. त्यामुळे मंगलाष्टकं चालू असताना कार्यालयाच्या मागच्या खुर्चीवरून तो उडवण्यात काही अर्थ नाही.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे. दुसरी लेन्स घ्यायची तर ५० एफ/१.८ घ्यावी की ५५-२५०?

उत्तर : ५०. घरातल्या घरात तीच उपयोगी पडेल. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ मधून जवळजवळ दहापट उजेड आत येतो, त्यामुळे फ्लॅशशिवाय काम भागतं. बाळाच्या जवळच्या डोळ्यावर फोकस करा. दोन्ही डोळे हवेत तर एफ/२.८ वर या.

प्रश्न : कोजागरीचा चंद्र दरवर्षी पांढरा ठिपका येतो. मी वाईला राहतो, तिथून मांढरदेवीच्या डोंगराची रांग दिसते. डोंगर आणि चंद्र दोन्ही एकत्र टिपायचेत.

उत्तर : पहिल्या उत्तरातलं मीटर इथेही तेच करतंय. चौकटभर काळं आभाळ बघून ते भरपूर उजेड घेतं आणि चंद्र जळतो. चंद्रावर ऊन पडलेलं असतं, म्हणजे फोटो उन्हातल्याच वस्तूचा काढायचा आहे. मॅन्युअल मोडवर आयएसओ १००, एफ/११, शटर १/१०० ठेवून सुरुवात करा. चंद्रावरचे डाग दिसायला लागतील.

आकाराचंही गणित आहे. सेन्सरवर चंद्र साधारण लेन्सच्या मिलिमीटरला ११० ने भागल्याएवढा उमटतो. ५५ ला अर्धा मिलिमीटर, २५० ला सव्वादोन. १८-५५ लेन्ससोबत येणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरची उंची सुमारे १५ मिलिमीटर असते, यावरून ठिपका का येतो ते कळेल. ५५-२५० मिळाली तर उसनी घ्या.

पण डोंगर आणि चंद्र एका फोटोत हवे असतील तर कोजागरीच्या मध्यरात्री ते जमायचं नाही. तेव्हा चंद्र लख्ख आणि डोंगर काळा असतो, एका एक्स्पोजरमध्ये दोन्ही मावत नाहीत. आदल्या संध्याकाळी, म्हणजे चतुर्दशीला जा. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या थोडा आधी उगवतो, डोंगरावर अजून उजेड असतो आणि दोन्हीचा मेळ बसतो. तो मेळ फार वेळ टिकत नाही. चंद्र पूर्वेला उगवणार, तेव्हा तुम्हाला डोंगराच्या पश्चिमेला जागा लागेल. ती दोन दिवस आधी उजेडात बघून ठेवा. डोंगराआडून चंद्र वर यायला पंचांगातल्या वेळेपेक्षा उशीर होतो, तेवढा धीर धरा. ट्रायपॉड लावा, दोन सेकंदांचा टायमर वापरा म्हणजे बोटाचा धक्का लागणार नाही, आणि फोकस डोंगराच्या कडेवर ठेवा. फोटो आले की मला पाठवा, मी वाट बघते.