पाळक, पालक की सभापालक?

प्रश्न असा आला आहे: खानापूर तालुक्यातल्या एका मराठी मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती चर्चच्या, वर्धापनदिनाची पत्रिका छापायची आहे. मसुद्यात एका ओळीत ‘पाळक’, दुसरीत ‘पालक’, आणि कन्नड मजकुरावरून घेतलेल्या ओळीत ‘सभापालक’ असं पडलं आहे. ‘मंडळीचे वडील’ वाचून बाहेरचे पाहुणे ‘कुणाचे वडील?’ असं विचारतात, ते वेगळंच. तर बायबलात पुढाऱ्याला नेमका शब्द कोणता, आणि पाळक, अध्यक्ष, वडील, सेवक यांत मोठा कोण?

छपाईपुरतं आधी सांगतो. ‘पाळक’ छापा. मूळ संस्कृत शब्द ‘पालक’च, पण मराठीत त्याचा ळ झाला आणि ‘पाळणे’ या क्रियापदाशी नातं उघड राहिलं. ‘पालक’ म्हटलं की आज मुलाचे आईबाप डोळ्यांपुढे येतात, नाहीतर भाजी. ‘सभापालक’ कन्नडात बिनचूक आहे, कारण तिथे ‘सभे’ म्हणजेच मंडळी. मराठीत सभा भाषणाची असते, आणि शब्दाची दोन टोकं उलटी केली तर शाळेतली पालकसभा भरते. कंपोज करणाऱ्याला ळ ठळक करून द्या, आपल्याकडे दोन्ही भाषांचं काम एकाच टेबलावर चालतं.

आता मोठा कोण? नव्या करारात, म्हणजे बायबलाच्या दुसऱ्या भागात, या शब्दांची शिडी नाही. त्यातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय 20 पाहा. 17व्या वचनात प्रेषित पौल इफिस इथल्या मंडळीच्या वडिलांना बोलावून घेतो. 28व्या वचनात त्याच माणसांना तो ‘अध्यक्ष’ म्हणतो, आणि त्याच वाक्यात त्यांना काम सांगतो ते कळप पाळायचं. माणसं तीच आहेत. तीताला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायातही 5व्या वचनातला वडील 7व्या वचनात अध्यक्ष होतो. पुढच्या शतकांत बिशप, प्रेस्बिटर, डीकन अशा पायऱ्या पडल्या, हा चर्चच्या इतिहासाचा भाग. पत्रिकेत कुणाचं नाव वर घ्यायचं हे तुमच्या मंडळीच्या घटनेवरून ठरवा, ते वचनातून काढू नका.

म्हणून हे शब्द पदव्यांसारखे न वाचता त्यांच्या पोटातली क्रियापदं वाचावीत. योहान 21 मध्ये येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, तीनदा सांगतो: माझी कोकरे चार, माझी मेंढरे पाळ, माझी मेंढरे चार. ग्रीकमध्ये पहिल्या आणि तिसऱ्या वेळी ‘बोस्को’ आहे, मधल्या वेळी ‘पोइमाइनो’. मराठी भाषांतरकारांनी चारणे आणि पाळणे हा फरक राखला, हे त्यांचं मोठंच काम. चारणं म्हणजे पोटाला घालणं. पाळण्यात वाट दाखवणं, राखण करणं, दुखलंखुपलं बघणं सगळं आलं. जुन्या करारात यहेज्केल 34:4 मध्ये (अध्याय 34, वचन 4) याची यादीच आहे, तीही तक्रारीच्या रूपात: दुबळ्यांना बळ दिलं नाही, रोग्याला बरं केलं नाही, मोडलेल्याला पट्टी बांधली नाही, भटकलेलं परत आणलं नाही, हरवलेलं शोधलं नाही. वर जुलमाने सत्ता गाजवली. त्याच अध्यायाच्या 2ऱ्या वचनातला आरोप तर आणखी झोंबरा आहे: हे मेंढपाळ स्वतःलाच चारतात.

कन्नड आणि मराठी इथे वेगळ्या वाटेने जातात. स्तोत्र 23 मराठीत ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ असं सुरू होतं, कन्नडात ‘यहोवनु ननगे कुरुबनु’. कुरी म्हणजे मेंढी, कुरुब म्हणजे ती राखणारा, आणि ते समाजाचंही नाव. मराठीत ‘धनगर’ घेतलं असतं तर तोच परिणाम झाला असता. पण घेतलं ‘मेंढपाळ’, म्हणजे समजायला सोपा, तरी थोडा पुस्तकी शब्द. कन्नड वाचकाला खांद्यावर घोंगडं टाकलेला माणूस लगेच दिसतो, मराठी वाचकाला तो आठवावा लागतो. आपल्याकडे शेतात बकरी बसवतात तेव्हा शेताचा मालक खतासाठी कळप बसवून घेतो आणि स्वतः घरी झोपतो, जाळीजवळ रात्र काढतो तो मेंढक्या. योहान 10 मधला ‘मेंढवाडा’ वाचताना ते चित्र जवळ ठेवा. त्याच अध्यायात ‘मोलकरी’ येतो: लांडगा दिसला की पळणारा, कारण मेंढरं त्याची नव्हेत. हा पुल्लिंगी शब्द बोलण्यातून जवळजवळ गेला, ‘मोलकरीण’ तेवढी उरली. त्यामुळे तरुण वाचक इथे अडखळतात, त्यांना ‘रोजावरचा गडी’ असं सांगून पुढे जावं.

‘अध्यक्ष’ हा शब्द आज खुर्चीला चिकटला आहे. पण अधि म्हणजे वर आणि अक्ष म्हणजे डोळा, वरून नजर ठेवणारा. ग्रीक ‘एपिस्कोपोस’ही तसाच घडलाय: एपि म्हणजे वर, स्कोपोस म्हणजे बघणारा. कॅथलिक मंडळी कन्नडात बिशपांना ‘धर्माध्यक्ष’ म्हणतात, तोही याच वळणाचा. 1 तीमथ्य 3 मध्ये अध्यक्षाच्या अटी आहेत: अतिथिप्रिय, शिकवता येणारा, मारकुटा नसलेला, पैशाचा लोभ नसलेला, आपलं घर नीट चालवणारा, बाहेरच्या लोकांतही चांगलं नाव असलेला. शिवाय तो ‘नेओफितोस’ नसावा. त्याचा शब्दशः अर्थ नुकतंच लावलेलं रोप. निपाणीकडच्या तंबाखूवाल्याला यातली मेख सांगावी लागणार नाही. भीती कशाची, तेही पौल लिहितो: असा माणूस गर्वाने फुगेल.

‘वडील’ हे ‘प्रेस्बिटेरोस’चं, म्हणजे वयाने मोठ्याचं, भाषांतर. कन्नडात ‘हिरियरु’, तिथे बाप हा घोटाळा होत नाही. कृत्ये 14:23 मध्ये प्रत्येक मंडळीत वडील नेमले जातात, एकेक नव्हे, अनेक. पत्रिकेत ‘वडीलवर्ग’ लिहिलंत की पाहुण्यांचा प्रश्नही मिटेल.

‘सेवक’ मात्र मला सर्वांत आवडतो. ‘दियाकोनोस’ म्हणजे मुळात ताटात वाढणारा. कृत्ये 6 मध्ये मराठीत ‘पंक्तिसेवा’ असा झकास शब्द आहे. लूक 22:27 मध्ये येशू विचारतो, मोठा कोण, जेवायला बसलेला की वाढणारा? आणि स्वतः वाढप्याच्या बाजूला उभा राहतो. आपल्या पंगतीत वाढपी शेवटी जेवतो, तेवढं सांगितलं तरी पुरे.

आणखी एक जोडी. 1 पेत्र 5:3 मध्ये वडिलांना सांगितलं आहे की धनीपण करू नका, कळपाला कित्ता व्हा. ‘धनी’ सीमाभागात दोन्हीकडे कळतो, कन्नडात ‘धणी’ म्हणजे मालकच. कित्ता म्हणजे मुलाने गिरवायची अक्षरं. त्याच पत्रात 2:21ला ख्रिस्ताने ‘कित्ता घालून दिला’ असं येतं, आणि तिथला ग्रीक शब्द ‘हिपोग्राम्मोस’ हाही गिरवायच्या अक्षरांचाच.

तेव्हा ओळी अशा घ्या: ‘मंडळीचे पाळक’, खाली ‘वडीलवर्ग व सेवक’. ‘पुढारी’ टाळा, तो शब्द वाईट नाही, पण आपल्याकडे आधी निवडणूक आठवते. कन्नड बाजूला ‘सभापालकरु’ आणि ‘हिरियरु’ तसेच राहू द्या.